एस्पेरा की एस्पेरे? स्पॅनिशमधलं ‘यावं, बसावं, असावं’

मेक्सिको सिटीतल्या एका ऑफिसात पहिल्यांदाच गेले होते. रिसेप्शनवरच्या बाईंना नाव सांगितलं. त्यांनी आत फोन लावला, दोन वाक्यं बोलल्या, फोन ठेवला आणि हसून म्हणाल्या, “दीसे के एस्पेरे.” मी ऐकलं, ‘दीसे के एस्पेरा’. म्हणजे साहेब वाट बघतायत म्हणे! ‘ग्रासियास’ म्हणून मी थेट केबिनचं दार ढकललं. आत साहेब फोनवर कोणाला तरी फैलावर घेत होते. त्यांनी माझ्याकडे जे बघितलं, त्यावर मी आल्या पावली मागे फिरले. बाई म्हणाल्या होत्या, “थांबा म्हणतायत.”

‘एस्पेरा’ आणि ‘एस्पेरे’. फरक शेवटच्या एका स्वराचा. ‘एस्पेरा’त बातमी आहे: ते थांबलेत, वाट बघतायत. ‘एस्पेरे’त सांगणं आहे: तुम्ही थांबावं.

हल्ली ॲपवर नाहीतर क्लासला जाऊन स्पॅनिश शिकणारी बरीच मराठी मंडळी भेटतात. ‘ओला’पासून भूतकाळापर्यंत गाडी बरी चालते. मग एक दिवस ‘सबजंक्टिव्ह’ नावाचा धडा येतो आणि वही मिटते. बहुतेकांना तो इंग्रजीतून शिकवलेला असतो, आणि इंग्रजीत हे रूप झिजून जवळजवळ नाहीसं झालंय. ज्या भाषेत वस्तूच उरली नाही, त्या भाषेतून ती समजावायची म्हटल्यावर दमछाक होणारच. मराठीत ते रूप, म्हणजे ‘यावं, बसावं’मधलं ‘-आवं’, चांगलं धडधाकट आहे. आपण सकाळपासून ते वापरतो, फक्त त्याला सबजंक्टिव्ह म्हणत नाही.

उस्तेद म्हणजे ‘स्वारी’

आधी आदरार्थी बोलण्याचं बघू. स्पॅनिशमध्ये ‘तू’ला ‘तू’च म्हणतात, उच्चारसुद्धा तोच. आदरानं बोलायचं तर ‘उस्तेद’. नवशिक्याचा गोंधळ इथूनच सुरू होतो, कारण उस्तेद म्हणायचं समोरच्या माणसाला, पण क्रियापद लावायचं ‘तो’चं. ‘तू आब्लास’ म्हणजे तू बोलतोस. ‘एल आब्ला’ म्हणजे तो बोलतो. आणि ‘उस्तेद आब्ला’ म्हणजे तुम्ही बोलता! समोर बसलेल्या माणसाला ‘तो’ का करायचं?

गल्लीत कोणी भेटलं की आपण विचारतो, “काय, आज स्वारी कुठे निघाली?” समोर उभा आहे चांगला मिशीवाला गृहस्थ, आणि क्रियापद ‘निघाली’. कारण व्याकरणाच्या दृष्टीनं आपण त्याच्याशी बोलतच नाही, त्याच्या स्वारीबद्दल बोलतोय. उस्तेदचं हेच आहे. मूळ शब्द ‘बुएस्त्रा मेर्सेद’, म्हणजे साधारण ‘आपली कृपा’, ‘आपली मेहेरबानी’. मोठ्या माणसाला थेट ‘तू’ न म्हणता त्याच्या कृपेला उद्देशून बोलायचं: ‘आपली कृपा बसेल का?’ शतकानुशतकं जिभेवर घासून त्याचं ‘उस्तेद’ झालं, पण क्रियापद तृतीयपुरुषीच राहिलं. आणि गंमत म्हणजे आपल्या स्वारीसारखी ती मेर्सेदही स्त्रीलिंगीच. कोलंबियात बोयाकाच्या डोंगराळ भागात अजूनही लोक एकमेकांना ‘सुमेर्से’ म्हणतात. तीही त्याच शब्दाची चुलत बहीण.

एवढं पक्कं झालं की पुढचं सोपं आहे. उस्तेदला आज्ञा करायची म्हणजे ‘स्वारीनं बसावं’, ‘सरकारांनी यावं’ असं म्हणायचं. ‘बस’ नाही, ‘बसा’ही नाही. ‘बसावं’.

स्वरांचं साटंलोटं

हे ‘-आवं’ स्पॅनिशमध्ये कसं करतात? त्यांच्या क्रियापदांची तीन घराणी आहेत: मूळ रूप ‘आर’नं संपणारी, ‘एर’नं संपणारी आणि ‘ईर’नं संपणारी. साध्या बातमीच्या वाक्यात, ‘तो’बरोबर, आर घराण्याच्या शेवटी आ येतो आणि बाकीच्या दोघांच्या शेवटी ए. आब्लार (बोलणं): आब्ला. कोमेर (खाणं): कोमे. बिबिर (जगणं): बिबे.

सबजंक्टिव्हमध्ये साटंलोटं होतं. या घरची मुलगी त्या घरात, त्या घरची या घरात. आब्लाचं आब्ले, कोमेचं कोमा, बिबेचं बिबा. आब्ले, बोलावं. कोमा, खावं. नियम म्हणावा असा हा एवढाच.

थोडी मेख आहे ती मुळात. रूप ‘तो’वरून नाही, ‘मी’वरून करायचं. मी सांगते म्हणजे ‘दीगो’. शेवटचा ओ काढा, दुसऱ्या घरचा स्वर लावा: दीगा, सांगा. बेंगो (मी येते) वरून बेंगा, साल्गो (मी बाहेर पडते) वरून साल्गा, पोंगो (मी ठेवते) वरून पोंगा. शिकणारे ‘तो’च्या ‘दीसे’वरून ‘दीसा’ करायला जातात आणि तिथे फसतात.

नियमाला न जुमानणारी क्रियापदं मोजून सहा: दे, एस्ते, सेआ, सेपा, बाया, आया. बाकी जग ती घोकतं. ‘बाया’ आणि ‘आया’ मराठी माणूस विसरणं अवघड आहे. बाया म्हणजे जावं, आया म्हणजे असावं. ‘दे’ तर थेट आपलाच: द्यावं. संस्कृतातला दा धातू आणि लॅटिनमधलं देण्याचं क्रियापद सख्खे नातलग आहेत, त्यामुळे हे साम्य योगायोगाचं नाही. मानाचं मात्र उलटं झालंय. आपल्याकडे ‘दे’ हे लहानाला, तिकडे ‘दे’ हे मोठ्याला. लहानाला ते ‘दा’ म्हणतात.

पुस्तकात यानंतर स्पेलिंगबदलाचा लांबलचक तक्ता असतो. तो पाहून घाबरू नका. बुस्कार (शोधणं) चं बुस्के, पागार (पैसे देणं) चं पागे. देवनागरीत लिहिलं तर बदल काहीच नाही, क चा क आणि ग चा ग. रोमन लिपीत तेच क आणि ग टिकवायला ए च्या आधी वेगळी अक्षरं लिहावी लागतात, तेवढ्यासाठी तो तक्ता. माझी पहिली वही देवनागरीत होती. शिक्षकांना ते आवडलं नव्हतं, पण तिचा एवढा फायदा झाला.

आता त्या ऑफिसात परत चला. दारावर बाहेरून ‘हाले’, ओढा. आतून ‘एम्पुहे’, ढकला. काउंटरवर ‘एस्पेरे सु तुर्नो’, आपली पाळी येईपर्यंत थांबा. कागद पुढे सरकवून ‘फिर्मे आकी’, इथे सही करा. सगळी आर घराण्याची क्रियापदं, सगळ्यांच्या शेवटी पाहुणा ए. बाजारात गेलात तर दुकानदार ओरडत असतात, “पासेले, पासेले!” तुळशीबागेतल्या ‘या ताई, या, बघून तर घ्या’ची ती मेक्सिकन आवृत्ती. स्पेनमध्ये फोन उचलला की म्हणतात, “दीगा!” आपण काय म्हणतो? “बोला!” आणि हाक मारल्यावर किंवा नीट ऐकू न आल्यावर मेक्सिकोतली माणसं म्हणतात, “मांदे?” शब्दशः, आज्ञा करावी.

नकारात उस्तेदचा मोठा आधार आहे. आब्ले, बोला, नो आब्ले, बोलू नका. रूप तेच. ‘तू’च्या बाबतीत तसं नाही. ‘बोल’ म्हणजे आब्ला, पण ‘बोलू नकोस’ म्हणजे नो आब्लेस, म्हणजे नकार आला की तूसुद्धा सबजंक्टिव्हच्या दारात. म्हणून माझा सल्ला असा, की परक्या देशात आधी आदरार्थी आज्ञा शिकावी. एक रूप, दोन्हीकडे चालतं, आणि कोणाचा अपमान होण्याची भीती नाही.

‘मला’, ‘त्याला’सारखे छोटे शब्द होकारात क्रियापदाच्या शेपटीला चिकटतात: दीगामे, मला सांगा. नकारात सुटे होऊन पुढे येतात: नो मे दीगा. याचा शब्दशः अर्थ ‘मला सांगू नका’, पण बायका गप्पा मारताना डोळे मोठे करून ‘नो मे दीगा!’ म्हणतात तेव्हा ते आपलं ‘काय सांगता काय!’ असतं.

लग्नपत्रिका आणि शोकसभेचा फलक

इथपर्यंत आज्ञा झाली. पण ज्याला आपण आज्ञेचं रूप म्हणतोय तेच इच्छेचंही आहे. ‘किएरो के बेंगा’, तुम्ही यावं असं मला वाटतं. पुढचा ‘मला वाटतं’ काढून टाका: ‘के बेंगा’, त्यांना येऊ दे. ‘के’ही काढा: ‘बेंगा’, या. आज्ञा म्हणजे पुढचा भाग गिळलेली इच्छा. व्याकरणाचा इतिहास अगदी याच पायऱ्यांनी गेला असं नाही, लॅटिनमध्ये ही दोन्ही कामं आधीपासूनच एका रूपाकडे होती. समजायला मात्र ही शिडी उत्तम.

मराठीतही तसंच नाही का? लग्नपत्रिकेत छापतात, ‘अगत्य येण्याचे करावे’. ही विनंती, म्हणजे मऊ आज्ञा. शेतकरी म्हणतो, ‘यंदा तरी वेळेवर पाऊस पडावा’. ही इच्छा. ‘मुलांना कळावं म्हणून सोपं लिहिलं’. हा हेतू. ‘तो घरी असावा’. हा अंदाज. चारही ठिकाणी एकच प्रत्यय. शाळेत याला विध्यर्थ म्हणायचे आणि एका मार्कासाठी पाठ करून घ्यायचे. ही चारही वाक्यं स्पॅनिशमध्ये नेलीत तर चारही ठिकाणी सबजंक्टिव्हला जागा आहे.

आपल्याकडे आशीर्वादाला आणखी एक रूप आहे, ओकारान्त: देव भलं करो, कोणाची दृष्ट न लागो. चौकातल्या श्रद्धांजलीच्या फलकावर असतं, ‘ईश्वर मृतात्म्यास शांती देवो’. स्पॅनिश थडग्यांवर चार अक्षरांचा संक्षेप कोरलेला असतो, त्याचा विस्तार ‘के एन पास देस्कान्से’: शांततेत विसावो. निरोप घेताना मेक्सिकोत म्हणतात, ‘के ले बाया बिएन’, तुमचं सगळं नीट होवो. आणि ‘ओहाला’ हा शब्द तर अरबीतून आला, अल्लाची इच्छा असेल तर. त्याच्यामागे सबजंक्टिव्ह ठरलेला: ओहाला युएबा, पाऊस पडो रे बाबा.

घोषणाही इथलीच. दर वर्षी १५ सप्टेंबरच्या रात्री मेक्सिकोचे राष्ट्राध्यक्ष राजवाड्याच्या सज्जात उभे राहून ‘बीबा मेहिको!’ अशी आरोळी देतात आणि खालचा चौक दुमदुमतो. १८१० मध्ये मिगेल इदाल्गो या धर्मगुरूनं दोलोरेस गावात बंडाची हाक दिली, तिची ही आठवण. ‘बीबा’ म्हणजे आपण वर पाहिलेलं बिबा: जगो, चिरायू होवो. गोव्यात कार्निव्हलला ‘विवा’ ऐकू येतो तो पोर्तुगीजमधला हाच. आणि आपल्या ‘झिंदाबाद’मधला ‘बाद’ हेही फारसीतलं ‘असो, होवो’ सांगणारं रूपच आहे. मोर्च्यात मूठ आवळून सबजंक्टिव्ह म्हणणारे लोक त्याच रूपाला वर्गात घाबरतात.

कोर्टाच्या बातम्यांत ‘हेबियस कॉर्पस’ वाचता ना? त्यातलं ‘हेबियस’ हे लॅटिन सबजंक्टिव्हच: ‘तो देह तुझ्यापाशी असावा’, म्हणजे डांबून ठेवलेल्या माणसाला कोर्टापुढे हजर कर. वर आलेलं ‘आया’ त्याच क्रियापदाच्या स्पॅनिश वंशजाचं रूप आहे.

पंच कशावर सही करतो?

मग हे रूप नेमकं कधी वापरायचं? पुस्तकं याद्या देतात: इच्छा, शंका, भावना, हेतू. याद्या पाठ होत नाहीत. मला उपयोगी पडली ती पंचनाम्याची कल्पना. पंच जे समोर आहे त्यावर सही करतो: ‘दार उघडं होतं, कुलूप तुटलेलं होतं.’ साधं बातमीचं रूप म्हणजे अशी सही. सबजंक्टिव्ह म्हणजे सही न करता नुसता उल्लेख.

‘क्रेओ के बिएने’, तो येतोय असं मला वाटतं. माझी सही आहे. ‘नो क्रेओ के बेंगा’, तो येईल असं वाटत नाही. ‘येईल’वर मी सही करत नाही, म्हणून बेंगा. ‘क्वांदो येगा’ म्हणजे तो येतो तेव्हा, रोजचा अनुभव, सही करायला हरकत नाही. ‘क्वांदो येगे’ म्हणजे तो आला की. अजून आलेला नाही, कशावर सही करणार? इथे मराठीकडे जरा बघा. ‘तो आला की सांग’ हे बोलताना तो आलेला नसतो, तरी आपण ‘आला’ म्हणतो. भविष्यातल्या गोष्टीला भूतकाळाचं रूप! दोन्ही भाषा साध्या वर्तमानाला हात लावत नाहीत, फक्त पळवाटा वेगळ्या.

‘बुस्को आ उना माएस्त्रा के आब्ला माराती’ म्हणजे मराठी बोलणाऱ्या एका ठरावीक शिक्षिकेला मी शोधतेय, ती आहे. ‘बुस्को उना माएस्त्रा के आब्ले माराती’ म्हटलं, तर मराठी बोलत असेल अशी कोणीही चालेल, ती जगात असेल किंवा नसेलही. आपलं ‘बोलणारी’ आणि ‘बोलत असेल अशी’ यांच्यात जो फरक आहे, तोच.

म्हणजे ‘-आवं’ दिसलं की सबजंक्टिव्ह?

नाही. हा प्रश्न येणारच होता. नातं सख्ख्या भावाचं आहे, जुळ्याचं नाही.

‘मुलांनी लवकर उठावं’ हे कर्तव्य झालं. त्याला स्पॅनिशमध्ये ‘देबेर’ हे वेगळं क्रियापद आहे आणि ते बातमीच्या रूपात येतं. दुसरं, ‘मला घरी जावंसं वाटतं’ यात जाणारी मी आणि वाटणारंही मलाच, अशा वेळी स्पॅनिश साधं मूळ रूप वापरते: किएरो ईर. इच्छा एकाची आणि कृती दुसऱ्याची असेल तरच सबजंक्टिव्ह. आपल्याकडेही ‘मला जायचंय’ आणि ‘त्यानं जावं असं मला वाटतं’ ही वेगवेगळी वाक्यं आहेतच की. वाक्यात माणसं मोजायची, दोन सापडली की स्वर बदलायचा.

सगळ्यात जास्त खटकतं ते भावनेचं. ‘मे आलेग्रा के एस्ते आकी’, तुम्ही इथे आहात याचा आनंद आहे. माणूस समोर बसलाय, शंका कसली? तरीही ‘एस्ते’. मराठीत इथे विध्यर्थ लावून बघा, वाक्य हास्यास्पद होईल. पंचनामा पुन्हा आठवा. तुम्ही इथे आहात हे मी तुम्हाला कळवत नाहीये, ते तुम्हालाही दिसतंय. मी सही करतेय ती आनंदावर.

हुकूम सोडल्यासारखं वाटत नाही का?

‘फिर्मे आकी’ ऐकून काही जणांना राग येतो. खरं तर ‘सही करा’ इतकंच ते सौम्य आहे, ‘पोर फाबोर’ जोडलं की पुरतं. त्याहून मऊ हवं असेल तर भूतकाळात जावं लागतं. कॅफेत ‘किसिएरा उन काफे’ म्हणतात. किसिएरा हे ‘इच्छिणं’चं भूतकाळी सबजंक्टिव्ह. वेटरला कशाला भूतकाळ? पण आपण तरी काय म्हणतो? “एक कॉफी हवी होती.” हवी होती म्हणजे आता नकोय असं थोडंच आहे! “साहेब, जरा काम होतं.” मागणी एक पाऊल मागे नेऊन ठेवली की अदब येते, हे दोन्ही भाषांना माहीत आहे. ‘पैसे असते तर’ला लागणारं ‘तुबिएरा’ही याच भूतकाळी गटातलं, पण त्याचा लेख वेगळा होईल.

आणि उस्तेद कोणाला म्हणायचं?

याला एकच उत्तर नाही. स्पेनमध्ये हल्ली अनोळखी माणसालाही पटकन ‘तू’ करतात. मेक्सिकोत वयाचा, हुद्द्याचा मान जास्त राखतात. कोलंबियाच्या काही भागांत नवरा-बायको, भावंडं, जिवलग मित्रसुद्धा एकमेकांना उस्तेद म्हणतात. अर्जेंटिनात ‘तू’च्या जागी ‘बोस’ असतो आणि त्याच्या आज्ञा आणखी निराळ्या. ज्या घरात आईला ‘अगं’ आणि वडिलांना ‘अहो’ म्हणतात, त्या घरातल्या माणसाला हे फार चमत्कारिक वाटू नये. अनेकवचनाला मात्र लॅटिन अमेरिकेत सरसकट ‘उस्तेदेस’: रूपाला फक्त न जोडायचा, पासेन, बेंगान, एस्पेरेन.

चुकलं तर लोक समजून घेतात हे खरं. मलाही त्या दिवशी कोणी हाकललं नाही. पंधरवड्यानं पुन्हा त्याच ऑफिसात गेले, तेव्हा बाईंनी मला ओळखलं. आत फोन केला, ठेवला आणि एकेक अक्षर सुटं करत म्हणाल्या, “दीसे के पा-से.” शेवटी ए. आत या म्हणतायत. माझ्या बरोबर लक्षात आलं. तरीही त्या खुर्चीवरून उठल्या, केबिनपर्यंत आल्या आणि दार उघडून धरलं. खबरदारी म्हणून असावं.